टिटवीची हद्द

"टिटवी ओरडली," असं त्यांच्यासमोर कुणी नुसतं म्हणायची खोटी, हातातलं काम तसंच टाकून ते विचारायचे, "कोणती?"

चहाची बशी ओठांशी गेलेली असली तरी ती खाली यायची. समोरचा माणूस गडबडून म्हणायचा, "टिटवी वो भाऊसाहेब. टिटवी म्हंजी टिटवी." मग संपलंच. त्याला बाजार गाठायचा असो नाहीतर मोटार, तो आता बराच वेळ हलत नाही असं समजून आम्ही घरातली माणसं आपापल्या कामाला लागायचो.

ते आमचे घरमालक. सरकारी मोजणी खात्यात सगळी हयात घालवून शेवटी प्रवरेच्या काठी, कोल्हारात येऊन राहिलेले. गाव त्यांना पाठीमागे मोजणीदार म्हणे आणि तोंडावर भाऊसाहेब. बायको कधीच वारलेली, एकुलती मुलगी पाथर्डीकडे दिलेली. उंच, काटकुळे, डोक्याला रुमाल, भर उन्हाळ्यात अंगात कोट आणि कोटाचे दोन्ही खिसे खड्यांनी फुगलेले. खड्यांचं पुढे सांगते.

'साधारण' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. 'जवळपास', 'अंदाजे', 'थोडंसं' ही त्याचीच भावंडं. एकदा माझ्या नवऱ्यानं त्यांना सांगितलं, विहीर इथून जवळच आहे. झालं, भाऊसाहेब उठून विहिरीपर्यंत पावलं टाकत गेले, परत आले आणि म्हणाले, "ही जवळ नव्हे. ही मध्यम." गावातल्या बागाईतदारांना ते नावानं ओळखतच नसत, सर्व्हे नंबरानं ओळखत. रस्त्यात एखाद्या पाटलाला थांबवून "काय हो, तुमची ती ओढ्याकडची हद्द अजून तशीच वाकडी आहे का?" असं चारचौघांत विचारायचे. खंडेनवमीला लोक विळे-कोयते पुजतात, हे आपली मोजणीची साखळी पुजायचे. कडी न् कडी तेलाच्या फडक्यानं पुसायचे आणि पुसताना तिच्याशी बोलायचे. मी भिंतीआडून ऐकलेलं आहे.

पण माणूस खोटं बोलणार नाही, याबद्दल गावात दुमत नव्हतं. भावाभावांचा बांधावरून डोक्यात दगड घालण्यापर्यंत वाद गेला, तरी भाऊसाहेबांनी खुंट ठोकला की दोघंही मुकाट्यानं घरी जायचे. स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याच्या शेताची पट्टी त्यांनी शेजाऱ्याच्या हद्दीत दाखवली होती म्हणे. मेहुणा पुन्हा त्यांच्या दारात आला नाही.

आता खडे. ते टिटवीच्या अंड्यांसारखे दिसणारे खडे होते. मळकट, हिरवट, काळे शिंतोडे असलेले. माळावर हिंडताना गोळा केलेले. घरी आलेल्याच्या हातावर ते असे चार खडे ठेवत, टोकं आतल्या बाजूला करून, आणि म्हणत, "टिटवी अशी मांडते. घरटं नाही, काडी नाही, पाला नाही. उघड्या जमिनीवर. पाय पडेपर्यंत दिसत नाही. बोल, कोणत्या टिटवीची?" खड्यांवरून पक्षी ओळखायला लावणारा हा एकच माणूस मी पाहिला.

टिटव्या दोन आहेत, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. एकीच्या डोळ्यापुढे लाल मांसाचा तुकडा, चोच लाल, गळा न् छाती काळी कुळकुळीत. ती पाण्याची. नदी, ओढा, पाट, डबकं, जिथं ओल असेल तिथं. दुसरीच्या डोळ्यापुढे पिवळी पाकळी लोंबते, डोक्यावर काळी टोपी, टोपीला पांढरी किनार आणि छातीला काळं काही नाही, नुसता मातकट रंग. ती कोरड्या माळाची. पाण्याशी तिचं फारसं देणंघेणं नाही. पाय दोघींचे पिवळे, चाल दोघींची सारखी, चार पावलं तुरुतुरु आणि मग थबकणं. "म्हणून लोक फसतात," भाऊसाहेब म्हणायचे, "चालीवरून माणूस ओळखू नये, तसा पक्षीही ओळखू नये."

मग आवाज काढून दाखवायचे. लालचा खणखणीत, तोडून तोडून, चढत जाणारा. पिवळीचा बारीक, दोनच सुरांचा, जणू कुणी दारात येऊन हळूच हाक मारावी. "लाल ही फिर्यादी. आधी ओरडते, मग बघते काय झालंय ते. कुत्रं आलं ओरड, माणूस आलं ओरड, ढग आला ओरड. रातचीही झोपत नाही. पिवळी ही साक्षीदार. आधी बघते. फारच गरज पडली तर बोलते, नाहीतर नाही."

आता टिटवीचं ओरडणं आपल्याकडे कसं मानतात ते सांगायला नको. घरावरून ओरडत गेली की घरातलं कुणीतरी जायचं. हे हिंदूंतही होतं, आम्हा मुसलमानांतही होतं. या बाबतीत गावाची एकी होती. भाऊसाहेबांना या गोष्टीचा भारी संताप. पण नुसतं "खुळे आहात" म्हणून कुणी ऐकत नाही, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. शेजारची एक म्हातारी तापानं फणफणली होती आणि संध्याकाळी टिटवी ओरडली. घरचे सगळे रडायला बसले, औषधाची पुडी तशीच फळीवर. भाऊसाहेब गेले आणि त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मग सगळ्यांना अंगणात आणून ऐकवलं, ही बघा, दोनच सूर, ही माळावरची पिवळी. तुमच्या वाडवडिलांनी वाईट म्हटलंय ते त्या नदीवरच्या लालला. ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. द्या त्या म्हातारीला पुडी. म्हातारी उठून बसली, पुढे दोन नातसुना आणल्या तिनं.

भाऊसाहेबांचा हेतू चांगला होता, पण परिणाम उलटाच झाला. गावानं पक्षी शिकून घेतला आणि शकुनाला टोक आणलं. पूर्वी नुसती टिटवी वाईट होती. आता पिवळी निर्दोष ठरली आणि लाल मात्र पक्की मरणाची. बायाबापड्या कान देऊन सूर ओळखू लागल्या. "मी सांगायला गेलो पक्षी," भाऊसाहेब कपाळाला हात लावून म्हणायचे, "आणि यांनी ऐकलं भविष्य."

त्या टोकावर येऊन पडले मी.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. माझं माहेर शेवगावचं आणि सासर पिंजाऱ्याचं. सासरे, म्हणजे अब्बा, आणि माझा नवरा कापूस पिंजून गाद्या-रजया करत. श्रीरामपूरला तेव्हा आम्ही बेलापूर रोडच म्हणायचो, तिथून कापूस यायचा. भाऊसाहेबांच्या धाब्याच्या घराचे दोन भाग होते. मागच्यात ते, पुढच्यात आम्ही, आणि मातीचं छप्पर वरून एकच. लग्न होऊन बैलगाडीनं कोल्हारात आले तेव्हा दिवेलागण होत होती. डोक्यावरून ओढणी पार हनुवटीपर्यंत. मला दिसत होते फक्त बैलांचे खूर आणि पुढे उंबरा. उंबऱ्यात पाय टाकला आणि वरून टिटवी ओरडत गेली. खणखणीत, तोडून तोडून, चढत्या आवाजात. शेवगावच्या कोरड्या मुलखात मी असा आवाज फारसा ऐकला नव्हता. मला वाटलं, इथं नव्या नवरीला असंच बोलावतात की काय.

आठवडा झाला नसेल, अब्बांचा उजवा हात लुळा पडला. सकाळी पिंजण उचलायला गेले आणि हात उचलेना. तोंडही जरा वाकडं झालं. बेलापूर रोडचा डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, लकवा आहे, जिवाला धोका नाही, पण हात पूर्वीसारखा होईल असं सांगत नाही. ज्या हातानं पिंजणाच्या तातीवर ठोका मारून सगळ्या गावाच्या गाद्या पिंजल्या, तोच हात.

माझी सासू वाईट बाई नव्हती. आम्ही तिला अम्मा म्हणायचो. पण त्या दिवशी आयाबाया भोवती बसलेल्या, नवरा अंथरुणावर, आणि तोंडातून निघून गेलं, "हिनं उंबऱ्यात पाय टाकला अन् लाल टिटवी वरडली. माज्या कानानं ऐकली. लालच हुती. ही पोर माज्या घरात नगं."

एवढ्या बायांसमोर बोललेला शब्द घरात राहत नाही. दुपारपर्यंत तो वेशीपाशी पोचला. शेवगावला निरोप गेला, पोरीला घेऊन जा. माझ्या पाठीवर तीन बहिणी लग्नाच्या होत्या. मी परत गेले असते तर त्यांच्यासाठी कुणी दारात आलं नसतं. आणि मी? मनहूस म्हणून परत आलेली पोर बापाच्या घरात कोपऱ्यातच राहते. मला हे सगळं कळत होतं. ओढणीत तोंड खुपसून मी रडत होते आणि रडताना त्या पक्ष्याला, कोल्हारला आणि पाटाच्या पाण्यालाही शिव्या देत होते.

माझा नवरा कमी बोलणारा. पण तो उठला आणि भिंतीपलीकडे भाऊसाहेबांकडे गेला. मधली भिंत अशी की एकीकडे शिंकलं तर दुसरीकडे कळावं.

"भाऊसाहेब, एवढं म्हना की पिवळी हुती. तुमच्या शब्दापुढं कोन जातंय?"

"मी ऐकलीय. लाल होती."

"आमीबी ऐकली. पन तुमी म्हनलं तर..."

"माझ्या म्हणण्यानं तिच्या डोळ्यापुढचं मांस पिवळं होत नाही. आणि आज हिला पिवळी म्हणालो, तर उद्या दुसऱ्याच्या घरावर ओरडेल तिला काय म्हणू? तुमच्या आईलाही सूर कळतो. मीच शिकवलाय, दुर्दैवानं."

"मंग माजी बायको जातीय, भाऊसाहेब."

पलीकडे साखळीची कडी वाजली. मग प्रश्न आला, "कधी?"

"बुधवारी. तिचा भाऊ गाडी घिऊन येनार हाय."

"सकाळी की दुपारी?"

माझं डोकंच फिरलं. माझा संसार चाललाय, आणि या माणसाला सकाळ की दुपार हे पाहिजे! त्या क्षणी मी भाऊसाहेबांचा जितका राग केला तितका टिटवीचाही केला नव्हता.

बुधवारी सकाळी भाऊ आला. मान खाली घालून बसला, चहाला नको म्हणाला. माझी पत्र्याची पेटी गाडीत चढली. मी उंबऱ्यापर्यंत आले आणि मागच्या अंगाला खळखळ ऐकू आली. भाऊसाहेब साखळी खांद्यावर घेऊन येत होते. काखेत झेंड्या, हातात खुंट आणि मोगरी. कोटाची सगळी बटणं लावलेली. मागोमाग गावचे पाटील, चावडीवरचे दोघे-तिघे, आणि कुठं काय चाललंय ते बघायला नेहमी मोकळी असलेली अर्धी आळी.

"गाडी थांबवा," ते म्हणाले. "मोजणी व्हायची आहे."

"कशाची?" माझा भाऊ उठून उभा राहिला.

"अपशकुनाची."

कुणीतरी हसलं. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे मोजणी संपेपर्यंत तोंडावर उपरणं धरून होता. मग त्यांनी साखळीचं एक टोक माझ्या भावाच्या हातात दिलं, दुसरं माझ्या नवऱ्याच्या. ज्यांनी मला न्यायचं आणि ज्यांनी मला सोडायचं, ते दोघं साखळीच्या दोन टोकांना गपगुमान उभे राहिले.

"भाभी, तुम्ही कुठं उभ्या होतात?"

अम्मा उंबऱ्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या. तिथं खुंट ठोकला.

"टिटवी आली कुठून?"

अम्मांनी हात केला. पाटाकडून. त्या दिशेला झेंडी.

"गेली कुठं?"

अम्मांनी दुसरीकडे हात केला. तिकडे झेंडी. मग भाऊसाहेब एक डोळा मिटून ओळ धरू लागले. शिडी लावून धाब्यावर चढले आणि दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीची रेघ वर खडूनं ओढून आणली. साखळी अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून धाब्यावर गेली. "ताणा," "ढील द्या," "हलू नका, माणूस आहात की गवत?" असं बराच वेळ चाललं. उन्हानं पाटलांनी डोक्यावर धोतराचा सोगा घेतला, पण जागचं कुणी हललं नाही.

शेवटी भाऊसाहेब खाली उतरले, हात झटकले आणि चावडीत निकाल वाचावा तसं बोलले.

"पक्षी लाल. यात वाद नाही. वाद हद्दीचा आहे. पक्षी पाटाकडून आला, माझ्या परसावरून, माझ्या धाब्यावरून, माझ्या लिंबाकडे गेला. भाडेकऱ्यांच्या छपरावर त्याची सावलीसुद्धा पडलेली नाही. ज्याला शंका असेल त्यानं साखळी धरावी."

कुणी धरली नाही. पण आळीतला एक वाकडा होताच. तो म्हणाला, "ते खरं हाय भाऊसाहेब, पन वरडली ती कुनावर? नवरीवरच न्हवं?"

"माझ्यावर," भाऊसाहेब म्हणाले. "मी त्या वेळी पाटाच्या कडेला तिच्या अंड्यांपाशी गेलो होतो. लाल टिटवी अंड्यांजवळ आलेल्याचा पाठलाग करते, हे मी तुम्हाला पन्नासदा सांगितलंय. माझ्या डोक्यावर ओरडत ती माझ्या मागं घरापर्यंत आली. तेवढ्यात ही पोर गाडीतून उतरली, यात तिचा काय संबंध? जमीन माझी, छप्पर माझं, ओरडणं माझ्यावर. सात-बाऱ्यावर अपशकुन माझ्या नावे चढवा."

"अन् ह्यांचा हात?" पाटलांनी विचारलं.

"ते डॉक्टरच्या हद्दीत. मी तिथं मोजणी करत नाही."

आतल्या बाजेवर अब्बा पडले होते. त्यांना दारातून सगळं दिसत होतं. पहिलं हसू त्यांना फुटलं. वाकड्या तोंडानं, अडखळत, पण मोठ्यानं हसले. हात लुळा पडल्यापासून त्यांच्या घशातून निघालेला तो पहिला आवाज. मग सगळ्यांनी अम्मांकडे बघितलं, कारण फिर्याद त्यांची होती. अम्मांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्या भावाला म्हणाल्या, "पेटी उतरव बाबा. अन् च्या घे आता."

पुढचं मला ओढणीतून काही दिसलं नाही. डोळे भरून आले होते.

चार दिवसांनी हिय्या करून आभार मानायला मागच्या दारी गेले. भाऊसाहेब म्हणाले, "आभार कसले? जे होतं ते सांगितलं. चल, जिच्यामुळे एवढं रामायण झालं तिला बघून तरी घे." मी एकटी कशी जाणार? तर अम्माच म्हणाल्या, "चल, म्याबी येते." असे आम्ही तिघं पाटावर गेलो.

लाल टिटवी ओरडतच होती. भाऊसाहेबांनी आम्हाला बाभळीआड बसवलं. जरा वेळानं ती गप्प झाली, पाण्यात उतरली, पोट भिजवलं आणि टुकूटुकू चालत येऊन अंड्यांवर बसली. "उन्हानं अंडी शिजू नयेत म्हणून ओलं पोट घेऊन येते," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले. "दिवसभर असंच. आणि आपण हिला म्हणतो काळतोंडी." मी त्या पक्ष्याला आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. त्या मी तिथल्या तिथं परत घेतल्या.

मग पाट मागे टाकून वर माळावर गेलो. खूप वेळ काही दिसेना. भाऊसाहेबांनी बोट केलं तिथं नुसते दगड. मग त्यातला एक दगड चार पावलं चालला. पिवळी टिटवी. आमच्याकडे बघत उभी, तोंडातून आवाज नाही, पळतही नाही. "ही तुझ्यासारखी," ते मला म्हणाले. "ओरडत नाही, पण जागाही सोडत नाही." माहेरच्या माळावर मी हा पक्षी शेकडो वेळा बघितला असेल. तिला स्वतःचा चेहरा आहे, हे त्या दिवशी कळलं. सासरचं कुणीतरी पहिल्यांदा माझ्याबद्दल चांगलं बोललं, तेही त्याच दिवशी. भाऊसाहेब तसे सासरचे नव्हेत, पण मी त्यांना धरलं.

पुढे मी रजया शिवायला शिकले, नवऱ्यानं पिंजण उचललं, अब्बा डाव्या हातानं कापूस निवडू लागले. घर चाललं. पण भाऊसाहेबांनी स्वतःच्या नावावर चढवून घेतलेलं गावानं खरंच चढवलं. गावात नवं घर बांधायचं तर पायाची दोरी धरायला आजवर मोजणीदारच. त्यांनी दोरी धरली की भिंत सरळ आणि घर सुखाचं, असं मानत. आता दोरीला कुणी बोलवेना. सकाळच्या प्रहरी बाया त्यांना बघून पदर तोंडावर घेत. लग्नात त्यांना मागं बसवत. ज्याच्यावर लाल टिटवी ओरडली तो माणूस, अशी त्यांची ओळख झाली.

ते म्हणायचे, "बरं झालं. अर्ध्या गावाचे पाये आखण्यात माझी कंबर गेली होती." पण मी एकदा त्यांना पाहिलं. वेशीजवळ कुणाचा तरी पाया चालला होता. हे लांब चिंचेखाली हात मागे बांधून उभे, आणि दुसऱ्याच कुणी धरलेल्या दोरीकडे बघत पुटपुटत होते, "तिरकी आहे. तिरकी आहे." मी तशीच घरी आले.

दोन वर्षांनी आम्ही पिंजणासाठी अंगणात वेगळं छप्पर घालायचं ठरवलं. माझा नवरा दोरी आणायला निघाला, तर अम्मांनी त्याला अडवलं. स्वतः मागच्या दारी गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, चला. पायाची दोरी धरायचीय." भाऊसाहेब म्हणाले, "भाभी, विचार करा. लोक काय म्हणतील?" अम्मा म्हणाल्या, "लोकान्ला काय कळतंय? तुमी चला." ते कोटाची बटणं लावून आले. दोरी तीनदा सोडून तीनदा पुन्हा ताणली. भिंत अजूनही ओळंब्यात आहे. मग हळूहळू बाकीचेही बोलावू लागले.

पाटाचं पाणी वर वर येत गेलं, माळ नांगरला गेला, उसाचे फड उभे राहिले. लाल टिटवी पाण्यामागे वर आली, पिवळी मागे मागे सरकत गेली. "हद्द हलली," भाऊसाहेब म्हणायचे, "आणि मोजायला कुणी मला बोलावलं नाही." पुढे थकले तेव्हा मुलगी येऊन त्यांना पाथर्डीला घेऊन गेली. जाताना मोटारीत बसले आणि खिडकीतून मला विचारलं, "पाथर्डीला कोणती असेल गं?" मी म्हटलं, "पिवळी. कोरडा मुलूख आहे." "मग ठीक," ते म्हणाले. त्यांचं-माझं शेवटचं बोलणं ते एवढंच.

ते गेल्याची खबर आली, त्यानंतरची गोष्ट. दुपारची वेळ. मी आणि अम्मा अंगणात कापसातली सरकी निवडत बसलो होतो. पाटाकडून टिटवी ओरडत गेली. अम्मांनी वर न बघता म्हटलं, "लाल."

मी म्हटलं, "अम्मा, त्या दिवशी भाऊसाहेब पाटावर अंड्यांपाशी गेले नसते, तर मी आज शेवगावला असते."

अम्मांचे हात थांबले. म्हणाल्या, "कुटले गेल्ते पाटावर? तुजी गाडी आली तवा ते हितं ओट्यावर बसून पाय शेकीत हुते. पानी म्याच तापवून दिल्तं. गाडी आली म्हनून म्या तांब्या तसाच टाकून उंबऱ्यात धावले."

मी म्हटलं, "मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू, दुल्हन? समद्या बायांसमोर म्या बोलून बसले हुते. रातभर झोप नव्हती. कवळी पोर तू, तुजा काय गुन्हा? पन बोललेलं माघारी घ्यायचं कसं? सासू हुते म्या. मला वाटच ऱ्हायली न्हवती." त्यांनी मूठभर कापूस पाटीत टाकला. "साखळी वडता वडता भाऊसाहेबांनी एकडाव माज्याकडं बघितलं. म्या डोळं खाली केलं. त्येंनी वळखलं. मंग म्हनाले, पाटावर गेल्तो."

पक्ष्याबद्दल तो माणूस खोटं बोलला नाही, कुणाच्या संसारासाठीसुद्धा नाही. स्वतःबद्दल बोलला, ते एकदाच. मी अम्मांचे सरकीनं भरलेले हात हातात घेतले. त्या दोघांनी मिळून मला या घरात ठेवून घेतलं होतं, आणि इतकी वर्षं मी एकाचेच आभार मानत आले होते.